मेथीची कैफियत

मिसळणाच्या डब्यात मेथ्यांची वाटी बहुधा सर्वांत शेवटी रिकामी होते. मोहरी, जिरे, हळद यांचा खर्च रोजचा; मेथ्यांची आठवण मात्र लोणच्याचा मसाला भाजताना, मेथांब्याची फोडणी करताना, किंवा फार तर कढीत चार दाणे टाकताना व्हायची, आणि तीही हात आखडून, कारण तापल्या तेलात मेथीदाणा क्षणभर अधिक राहिला की त्याचा कडवटपणा साऱ्या पातेल्यात उतरतो, हे प्रत्येक सुगरणीला अनुभवाने ठाऊक असते. अशा या जपून वापरायच्या जिनसेला गेल्या चाळीसएक वर्षांत आपल्या घरांतून निराळाच मान प्राप्त झाला आहे. रात्री भिजत घातलेल्या मेथ्या सकाळी अनशापोटी चावून खाणारा आणि वर ते पिवळसर, बुळबुळीत पाणी पिणारा एखादा तरी गृहस्थ आज प्रत्येक आळीत सापडतो. त्याला कारण विचारावे, तर ‘साखरेसाठी’ एवढा एकच शब्द तो उच्चारतो. आणखी खोदून विचारावे, तर हे आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपासून ठाऊक होते, असे उत्तर हमखास मिळते.

या उत्तराची शहानिशा करावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. पूर्वी वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे उभयपक्षांकडून कैफियत लिहून घेत, आणि मग जुने कागद, साक्षीपुरावा आणि वहिवाट पाहून निवाडा होत असे. मधुमेहावरील औषधाचे हे जे वतन आज मेथीच्या नावे चालते आहे, ते वंशपरंपरागत की नव्याने संपादन केलेले, याचा निकालही त्याच रीतीने लागला पाहिजे. आणि तो लागावा यात केवळ इतिहासजिज्ञासेची तृप्ती नाही, तर असंख्य रोग्यांच्या हिताचा प्रश्न गुंतलेला आहे.

मेथीचे कुळ प्राचीन, यात संदेह नाही. इराकमधील तेल हलाल येथे उत्खननात सापडलेल्या मेथीच्या जळक्या दाण्यांचे वय कार्बनमापनाने इ. स. पूर्व ४००० च्या सुमाराचे ठरले आहे, आणि मिसर देशात तुतनखामेनच्या थडग्यात ज्या वस्तू राजाच्या परलोकयात्रेसाठी ठेवलेल्या होत्या, त्यांतही मेथीदाणे होते. ग्रीकांनी तिच्या वाकड्या, टोकदार शेंगेवरून तिला बैलाचे शिंग आणि बकऱ्याचे शिंग अशा अर्थाची नावे दिली. रोमन लोक तिला ‘ग्रीक गवत’ म्हणत, आणि लॅटिनमधले ते नाव वनस्पतिशास्त्राने ‘ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम’ या शास्त्रीय संज्ञेत आजतागायत जतन केले आहे. गवत म्हणण्याचे कारण सरळ होते: केटोसारख्या रोमन शेतीलेखकाने ती नोंदली ती गुरांची वैरण म्हणून. पुढे आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या जहागिरींतील बागांत कोणकोणत्या वनस्पती लावाव्यात याची जी याद काढण्यात आली, तीतही मेथीचे नाव आहे. अरबांची ‘हुलबा’ हीच, आणि इराणी स्वयंपाकातली ‘शंबलीले’ हीच. गळवांवर पोटीस, खोकल्यावर काढा, प्रसूत स्त्रीला पोषण, जनावरांना पुष्टी, अशी तिची सेवा देशोदेशी लिहून ठेवलेली आहे. मधुमेहावरील प्रमुख औषध म्हणून मात्र या दूरच्या दप्तरांत तिची ख्याती नाही.

आता आपल्या घरच्या दप्तराकडे वळू. मधुमेहाच्या बाबतीत ते दप्तर इतके समृद्ध आहे, की ते उघडताना कोणाही भारतीयाला अभिमान वाटावा. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: कफापासून दहा, पित्तापासून सहा आणि वातापासून चार, यांतील वातज प्रकारांत मधुमेहाची गणना आहे. रोग्याच्या मूत्राकडे आणि अंगाकडे मुंग्या धाव घेतात, हे लक्षण त्या ग्रंथकर्त्यांनी टिपून ठेवले, आणि ज्या काळी मूत्रातील साखर मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते, त्या काळी निसर्गातील या क्षुद्र जीवालाच त्यांनी परीक्षक नेमले. सुश्रुताने तर त्याही पुढे जाऊन प्रमेहाचे दोन भेद केले: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यनिमित्त, म्हणजे आहारविहाराच्या दोषाने जडलेला, आणि पहिल्याचा रोगी कृश तर दुसऱ्याचा स्थूल असतो, असेही तो सांगतो. आजचे वैद्यक मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानते, त्यांच्याशी हे वर्णन तंतोतंत जुळते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु रोग्याच्या देहाकडे इतक्या बारकाईने पाहणारी दृष्टी त्या काळात अन्यत्र विरळाच होती.

मग त्यावर उपाय काय सांगितले? आहारात यव, म्हणजे जव, हे प्रमेह्याचे प्रमुख धान्य. औषधांत हळद आणि आवळा यांचा योग, आणि शिलाजीत. विहार म्हणावा, तर सुश्रुताने निर्धन रोग्यासाठी जो सांगितला आहे तो वाचताना मन थक्क होते. पायात वहाण नाही, डोक्यावर छत्र नाही, अशा स्थितीत त्याने मुनिवृत्तीने शंभर योजने चालावे, रानातल्या धान्यावर निर्वाह करावा, गाईंमागे हिंडावे, विहीर खणावी! ज्याला औषध विकत घेण्याची ऐपत नाही, त्याला श्रम हेच औषध म्हणून देणारी ही चिकित्सा किती यथार्थ होती, ते आज कोणीही डॉक्टर सांगेल. पण या साऱ्या चिकित्सेत मेथी नायिका नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ रचला, त्यात मेथिकेला प्रतिष्ठेचे स्थान आहे. मेथी, हळीव, काळे जिरे आणि ओवा या चौघांच्या समूहाला ‘चतुर्बीज’ अशी संज्ञा आहे. तथापि त्यांचा अधिकार सांगितला तो वातविकार, अजीर्ण, पोटशूळ आणि कंबरदुखी यांवर. पूर्वजांचा हवाला देणाऱ्या मंडळींनी हे ध्यानी घ्यावे. पूर्वजांनी मेथीला मान दिला खरा, पण त्यांनी तिला दिलेले वतन निराळे होते.

मराठी घराची वहिवाट पाहिली तर तीही याच साक्षीला पुष्टी देते. मेथीचा खरा मानपान बाळंतिणीच्या खोलीत. दाण्यांचे पीठ दुधात किंवा तुपात भिजवून त्याचा कडूपणा मारायचा, त्यात गूळ, कणीक, खारीक, खोबरे, डिंक घालून लाडू वळायचे, आणि ते चाळीस दिवस प्रसूत स्त्रीला सकाळी द्यायचे, हा परिपाठ देशावर आणि कोकणात सारखाच. थंडी पडली की सांधे धरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या वाट्यालाही त्यातला एखादा येई. येथे वाचकाला एक गोष्ट सुचवावीशी वाटते: ज्या मेथीला आपण आज मधुमेहाची वैरीण समजतो, तिच्याच या परंपरागत पाकात गूळ आणि तूप मुबलक असते. मधुमेह्याला वर्ज्य अशा पदार्थांशी जिची शतकानुशतके सोबत झाली, ती त्या रोगावरचे औषध म्हणून घरात आली असती, तर आजीबाईंनी तिला गुळाच्या पाकात कधीच बुडवले नसते.

वहिवाटीची अन्य उदाहरणेही थोडी नाहीत. डाळी आणि तांदूळ भाजून दळलेल्या मेतकुटात मेथीचे दाणे असतात, आणि आजाऱ्याला मऊ भातावर तूप-मेतकूट देण्याची रीत अजून टिकून आहे. गोव्याकडे उडीद आणि मेथ्यांच्या फोडणीवर ‘उड्डमेथी’ शिजते, कधी बांगड्याची, कधी आंब्याची. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत पेरून कोवळेपणीच उपटलेली समुद्रमेथी मुळांसकट इवल्याशा जुड्यांनी विकली जाते. पाल्याची मेथी तर थंडीच्या दिवसांत बाजारात ढिगांनी येते. (कसुरी मेथी म्हणून जी वाळलेली पाने मिळतात, ती लाहोरनजीकच्या कसूर या गावाच्या नावाने प्रसिद्ध असून वनस्पतिदृष्ट्या तिची जात वेगळी आहे.) पाला आणि दाणा या दोन रूपांतील हा भेद वाचकाने मनात ठेवावा, पुढे प्रयोगशाळेत तो निर्णायक ठरला.

मधुमेहाच्या चिकित्सेचा आधुनिक अध्याय प्रथम युरोपात लिहिला गेला. १६७४ मध्ये लंडनच्या टॉमस विलिसने रोग्याच्या मूत्राची गोडी आपल्या ग्रंथात नोंदली. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने ते मूत्र आटवून खाली उरलेला पांढरा अवशेष साखरच असल्याचे दाखविले. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह जडतो हे सिद्ध केले. आणि ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लेनर्ड टॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांच्या परिश्रमातून निर्माण झालेले इन्सुलिन टोचण्यात आले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मरण काही महिने लांबविणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. हा प्रसंग मेथीच्या कैफियतीत मी मुद्दाम नमूद करतो, कारण वनस्पतींची महती गाताना ही तारीख विसरणारे लोक मला अनेकदा भेटले आहेत.

तथापि वनस्पतींचा या इतिहासात वाटा नाही असेही नव्हे, आणि जो सर्वांत मोठा वाटा आहे, तो मेथीच्याच शेंगवर्गीय गोतातील एका युरोपीय रोपाचा. ‘गालेगा ऑफिसिनालिस’ हे ते निळसर-जांभळ्या फुलांचे रोप. त्यात ग्वानिडीनवर्गीय द्रव्ये आढळली, आणि १९१८ मध्ये ग्वानिडीनने जनावरांच्या रक्तातील साखर उतरते असे दिसून आले. परंतु ते द्रव्य विषारी, आणि त्याच वर्गातून १९२६ मध्ये बाजारात आलेले सिंथॅलिनही यकृताला अपाय करणारे ठरून मागे पडले. इकडे डब्लिनमध्ये १९२२ सालीच कृत्रिमरीत्या सिद्ध झालेले मेटफॉर्मिन हे संयुग पस्तीस वर्षे जवळपास दुर्लक्षित पडून राहिले, ते १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्नने रोग्यांवर वापरून प्रकाशात आणले. आज जगभर मधुमेह्यांना प्रथम दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते अग्रगण्य आहे. रानातल्या रोपापासून त्या गोळीपर्यंतचा रस्ता किती लांब आणि किती धोक्याचा होता, हे पाहिले म्हणजे ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा समज किती भ्रामक आहे ते कळते. गालेगाचे मूळ रोप चरणाऱ्या मेंढरांना तर विषच आहे.

मेथीला मात्र साखरेवरच्या उपायाचा मान मिळवून दिला तो आपल्याच देशातील एका संस्थेने, आणि तोही गेल्या शतकाच्या नवव्या दशकात. १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी जे छोटेखानी काम सुरू केले, ते वाढत वाढत १९५८ मध्ये हैदराबादला हलले, आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील डॉ. आर. डी. शर्मा यांनी मेथीचा प्रश्न हाती घेतला, आणि तो ज्या पद्धतीने हाताळला ती पद्धत मला अत्यंत अनुकरणीय वाटते. मेथी गुणकारी आहे की नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. मेथीतले नेमके काय गुणकारी आहे, असा त्यांचा प्रश्न होता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी निरोगी माणसांना ग्लुकोज देऊन, त्यासोबत मेथीची निरनिराळी रूपे दिली: अख्खे दाणे, तेल काढलेले दाणे, दाण्यांतून वेगळा काढलेला डिंकासारखा चिकट अंश, तो अंश काढून घेतलेले दाणे, शिजवलेले दाणे, आणि शिजवलेला पाला. अख्ख्या दाण्यांनी रक्तातील साखरेची चढ सुमारे ४२ टक्क्यांनी कमी केली. नुसत्या चिकट अंशाने सुमारे ३७ टक्क्यांनी. शिजवलेल्या दाण्यांनी ३५ टक्क्यांनी. आणि ज्यांतून तो चिकट अंश काढला होता ते दाणे, तसाच शिजवलेला पाला, यांचा परिणाम नगण्य ठरला.

म्हणजे निवाडा एका फटक्यात स्पष्ट झाला. मधुमेह्याला ‘मेथीची भाजी खा’ असे सांगणारा प्रत्येक हितचिंतक त्या दिवशी पुराव्याने निरुत्तर झाला. भाजी उत्तम, पथ्यकर आणि चविष्ट आहे, ती अवश्य खावी. परंतु साखरेवरचा विशेष गुण दाण्याचा, आणि दाण्यातही मुख्यतः त्या बुळबुळीत चिकाचा, जो भिजवल्यावर बोटांना लागतो आणि जो नको म्हणून पुष्कळ गृहिणी पाणी ओतून टाकतात.

हा चीक म्हणजे गॅलॅक्टोमॅनन. मेथीदाण्याचा जवळजवळ अर्धा भाग तंतुमय असतो, आणि त्यातील विद्राव्य अंश पाणी शोषून फुगतो, जठरातून अन्न पुढे सरकण्याची गती मंदावतो, आणि आतड्यातून साखर रक्तात शिरते ती एकदम लोंढ्याने न शिरता झिरपत झिरपत शिरते. याखेरीज मेथीत ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन नावाचे एक असाधारण अमिनो आम्ल आहे, आणि रक्तात साखर वाढलेली असताना ते स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या स्रावाला चालना देते, असे फ्रान्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखविले आहे. मला मात्र त्या चिकाचाच विचार अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण सुश्रुताकडे जाते. जवातही असाच एक विद्राव्य, चिकट तंतू असतो, आणि तोही साखरेचे शोषण मंदावतो. प्रमेह्याला यव खायला सांगणाऱ्या त्या वैद्यांना गॅलॅक्टोमॅनन किंवा जवातील ग्लुकान ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु रोग्याच्या ताटात कोणते धान्य असावे हे निरीक्षणाने ठरविताना ते ज्या दिशेला गेले, त्याच दिशेला हैदराबादचा प्रयोग दोन सहस्र वर्षांनी पोचला. पूर्वजांचे श्रेय द्यायचेच तर ते येथे द्यावे.

त्या संस्थेचा दुसरा प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो प्रत्यक्ष रोग्यांवर, तेही इन्सुलिनवाचून ज्यांचे चालत नाही अशांवर, केलेला होता. तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम, दोन समान भाग करून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात मिसळून, दहा दिवस देण्यात आली. चोवीस तासांत मूत्रावाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली, आणि रक्तातील कोलेस्टेरॉलही उतरले. शंभर ग्रॅम मेथी! ज्या जिनसेचे चार दाणे जास्त झाले तर आमटी नासते, तिची दोन मुठींहून अधिक पूड रोज गिळणाऱ्या त्या रोग्यांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. त्यांच्या कडू जेवणावर आपले आजचे ज्ञान उभे आहे.

पुढचे प्रयोग लहानमोठे पुष्कळ झाले आणि सर्वांचा सूर एक नव्हता. जयपूर येथे केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुकताच सौम्य मधुमेह झालेल्या २५ जणांपैकी एका गटाला मेथीचा अर्क रोज एक ग्रॅम दिला गेला. दोन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर दोन्ही गटांत सारखीच उतरली होती, मात्र शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध मेथीच्या गटात कमी आढळला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तीन वर्षांच्या पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील १४० माणसांपैकी ज्यांना रोज दहा ग्रॅम मेथी दिली गेली, त्यांच्या तुलनेत इतरांना मधुमेह होण्याची शक्यता चौपटीहून थोडी अधिक दिसली. हे निष्कर्ष आशादायक आहेत. पण माणसांची संख्या थोडी, आणि मोठ्या, दीर्घकालीन प्रयोगांची उणीव अद्याप भरून निघालेली नाही. त्यामुळे साहाय्यक आहार म्हणून मेथीचा दावा मंजूर करावा, आणि औषधाची जागा घेण्याचा तिचा दावा फेटाळावा, असाच निवाडा कोणाही निःपक्षपाती मनुष्याला द्यावा लागेल.

हा निवाडा मी इतक्या आग्रहाने सांगतो, याला कारण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष माणसे मधुमेही आहेत, आणि उंबरठ्यावर उभी असलेली त्याहून अधिक. एवढ्या मोठ्या समुदायाला ‘पूर्वजांचे ज्ञान’ या नावाखाली पुड्या आणि काढे विकणारे दुकानदार आज गावोगावी आहेत, आणि त्यांच्या भरवशावर इन्सुलिन सोडलेल्या रोग्यांच्या कहाण्या मी ऐकल्या आहेत. मेथीच्या नावावर खोटा इतिहास चढवून तिचे भले होत नाही. तिच्या खऱ्या इतिहासात पुरेसे तेज आहे.

म्हणून वाचकहो, मेथ्या भिजवा, दळा, पिठात मिसळा, त्या चिकासकट खा, आणि आरंभ थोड्यापासून करा, कारण पोट फुगते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगूनच खा, कारण दोहोंच्या जोडीने साखर वाजवीपेक्षा खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, अथवा गर्भारपण असेल, तरीही विचारा. आणि आपल्या ओळखीचा कोणी मेथीच्या आशेवर औषध सोडू लागला, तर त्याला १९९० च्या त्या प्रयोगाची हकीकत अवश्य ऐकवा: दिवसाला शंभर ग्रॅम मेथी खाणारे हैदराबादचे ते रोगी इन्सुलिनवर होते, आणि मेथी खात असतानाही त्यांचे इन्सुलिन चालूच होते.